जखमी चहाला येतो

काकांनी डाव्या काखेतला रबरी फुगा दाबला, आणि उजव्या गुडघ्याखालून उडालेली लाल चिळकांडी समोर वाकलेल्या मुलीच्या गालावर बसली.

"पाय!" काका ओरडले. "अरे, माझा पाय कुठाय?"

पाय भिंतीतल्या कपाटात होता, मोज्या-बुटासकट. पण हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात राहणं शक्य नव्हतं. गोदामात धूर कोंडला होता, कर्ण्यांमधून गोळीबार चालला होता, उलटी पाडून ठेवलेल्या जीपमधून जळक्या रबराचा वास येत होता आणि जमिनीवर पडलेला माणूस गुरासारखा ओरडत होता. मुलीच्या हातातून पट्टा निसटला. तिने तो उचलला, पुन्हा निसटला, पुन्हा उचलला. काकांनी फुगा आणखी दाबला. पट्टा गुडघ्याच्या वर नीट आवळला जाईपर्यंत रक्त थांबवायचं नाही, हा त्यांचा नियम होता, आणि त्यात त्यांनी सख्ख्या भावाचीही गय केली नसती. पट्टा आवळला गेला, दांडी पिळून अडकवली गेली, तेव्हा कुठे त्यांनी काख सैल सोडली. मुलीने खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या कपाळावर पट्टा आवळल्याची वेळ लिहिली. दहा वाजून चौदा मिनिटं.

"मी आहे," ती म्हणाली. आवाज पार फाटला होता. "मी इथंच आहे."

रोज सकाळी दहाला आणि दुपारी तीनला काका असे जखमी व्हायचे. गेली सहा वर्षं हीच त्यांची नोकरी होती. गोळ्या चालू असताना जखमींपर्यंत धावत जाऊन त्यांना बांधायचं काम ज्या शिपायांचं, त्यांना या केंद्रात आठ आठवडे शिकवत आणि मग आघाडीवर धाडत. बाहुल्यांवर शिकून भागत नाही, कारण बाहुली ओरडत नाही. म्हणून लढाईत खरोखर पाय गमावलेला एक निवृत्त नाईक शोधून आणला होता. रक्त म्हणजे साखरेच्या पाकात कालवलेला रंग, त्यामुळे काकांना कधी कधी घरी पोहोचेपर्यंत मुंग्या चावत. त्यांच्या मुलीने 'माझे बाबा' या निबंधात लिहिलं होतं, की माझे बाबा रोज दोनदा मरतात आणि संध्याकाळी वेळेवर घरी येतात. तिच्या शिक्षकांनी निबंधाला दहापैकी नऊ गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी काकांना शाळेत बोलावून घेतलं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे काम सोपं होतं. ओरडायचं, रक्त उडवायचं, पोरं गांगरली की साहेबांनी त्यांना शिव्या हासडायच्या, आणि मग सगळ्यांनी जेवायला जायचं. रात्री बराकीत कोण दचकून उठतं याची चौकशी करायची पद्धत नव्हती. मग डॉक्टरबाई आल्या. मनाच्या डॉक्टर. काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असूनही त्या पहिल्या दिवसापासून त्यांना काकाच म्हणत, आणि हे काकांना आजवर पटलेलं नव्हतं. आघाडी बघितलेली नाही आणि पोरांना धीर द्यायला निघाल्या, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत आणखी एकीची भर, असं ते घरी येऊन म्हणाले होते. साहेब तर तोंडावरच म्हणाले, की लढायला जाणाऱ्यांना आधीपासूनच रडायला शिकवणार की काय.

बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. त्या आठ दिवस गोदामाच्या दारात उभ्या राहून नुसतं बघत होत्या. नवव्या दिवशी त्या काकांच्या शेजारी, त्या चिकट जमिनीवर, पांढरीशुभ्र सलवार घालून आडव्या झाल्या. इथून काय दिसतं ते बघायचंय, म्हणाल्या. काकांचं मत तिथेच अर्धं बदललं.

उरलेलं अर्धं बदललं ते शेजारच्या खोलीत. बाईंनी तिथे गोल खुर्च्या मांडल्या. सरावाआधी त्या पोरांना तिथे बसवून सांगत, की हात थरथरतील, तोंड कोरडं पडेल, कानात दडे बसतील, क्षणभर काही सुचणार नाही. असं झालं तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही, हात आपलं काम करतील. आणि सरावानंतर, अंगावरचं रक्त न धुता, पुन्हा तिथेच. प्रत्येकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. काय दिसलं, काय केलं, कुठे अडलो, पुढे काय झालं. मध्येच थांबायचं नाही. सगळ्यात वाईट क्षणापाशी तर नाहीच नाही. तो ओलांडून पलीकडे जायचं. आणि सगळ्यांचं सांगून झालं की दार उघडे आणि जखमी आत येई. कृत्रिम पाय चढवून दोन पायांवर, अंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून. तो आपला चहाचा कप उचली, रिकाम्या खुर्चीत बसे आणि पडल्या पडल्या त्याला काय काय ऐकू आलं, ते सांगे.

काकांनी पहिल्यांदा या प्रकाराला साफ नकार दिला होता. मरायचं तेवढं मरेन, चहा नको. त्यावर बाई जे बोलल्या ते त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होतं.

"काका, अर्धी राहिलेली गोष्ट मन पुन्हा पुन्हा सांगत बसतं. पुरी झालेली ते ठेवून देतं. तिकडे या मुलांना शेवट बघायला मिळत नाही. गाडी आली की जखमी गेला. जगला की मेला, कोणी कळवत नाही. मग तो माणूस यांच्या स्वप्नात रोज तिथंच पडलेला असतो. निदान इथं तरी त्याला उठून येऊ दे."

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. वर्षभर त्यांनी मुख्यालयाचे उंबरे झिजवले आणि एक नियम करून घेतला: जखमी इस्पितळात पोहोचला की आठ दिवसांच्या आत, ज्याने त्याला बांधलं त्याला तो माणूस कसा आहे, हे कळवायचं. चार ओळींचं पत्र. मेला असेल तरीही कळवायचं, कारण न कळण्याइतकं ते वाईट नसतं. आघाडीवरून परतलेली पोरं सुट्टीत मुद्दाम केंद्रात येत, त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर बसून तिकडचं सांगत. सगळीच काही धडधाकट परतली नव्हती. आपल्याकडे जादूची कांडी नाही, असं बाई स्वतःच म्हणत. पण बरीच पोरं झोपत होती, जेवत होती, हसत होती. आता या बाईंना कोणी नावं ठेवली तर काका त्याच्याशी भांडायला उठत.

तर त्या बुधवारी काका कपाळावरची वेळ घासूनही न गेल्यामुळे तशीच घेऊन खोलीत आले. पट्टा दोनदा पाडणारी मुलगी दाराजवळच बसली होती. तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण कुठल्याही तासाला शेवटचा प्रश्न तिचा असे. काकांनी तिला सांगितलं, की तुझे हात थरथरत होते ते मला कळलंच नाही, मला फक्त 'मी आहे' एवढं ऐकू येत होतं, आणि पडलेल्या माणसाला तेवढं पुरतं. मास्तरीण हसली, मग हसता हसता थांबली.

"काका, एक विचारू? खऱ्या वेळी तुम्हाला ज्यांनी बांधलं, त्यांना कळलं का तुमचं पुढं काय झालं ते?"

खोलीत एकोणतीस जणं होती. सोमवारी पहाटे सगळ्यांना आघाडीवर निघायचं होतं. काकांना त्या एकोणतीस तोंडांकडे बघवेना. बाईंनी मान वर केली.

"कळलं म्हणजे?" काका म्हणाले. "महिन्यातून एकदा येतो की चहाला. आता घरचाच झालाय तो."

सोंग आणायची सवयच होती. आवाज जरासुद्धा हलला नाही. पोरांचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी विचारलं, साखर किती घेतात ते? काका म्हणाले, दोन चमचे, आणि वर भांडतो. सगळे हसले. मग मास्तरीण म्हणाली, शनिवारी आमचा शेवटचा दिवस आहे, त्यांना घेऊन या ना, आम्हाला त्यांना बघायचंय. एकोणतीस जणांनी मान डोलावली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका 'बघतो, विचारतो' असं पुटपुटत बाहेर पडले.

खरी हकिकत अशी होती. चौदा वर्षांपूर्वी काकांच्या पायाखाली सुरुंग फुटला, तेव्हा त्यांच्यापर्यंत सरपटत आला तो त्यांच्याच तुकडीतला कंपाउंडर. म्हणजे तोही असाच पट्टीवाला शिपाई, पण तुकडीत त्याला सगळे चेष्टेने कंपाउंडर म्हणत. वयाने काकांएवढाच, अंगाने काटकुळा, आणि हातात कायम काहीतरी गुंडाळत बसलेला. त्याने काकांना बांधलं आणि गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटं त्यांच्या अंगावर ओणवा राहिला. इस्पितळात नवव्या दिवशी सकाळी शल्यविशारद काकांना म्हणाले, की हे ज्याने बांधलंय त्याला माझा निरोप सांग, याहून नीट मीसुद्धा बांधलं नसतं. जीव तर वाचलाच, गुडघाही त्याच्यामुळेच वाचला. आणि त्याच दिवशी दुपारी कंपाउंडर बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला आला. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग चादरीखाली पायाच्या जागी जो खड्डा होता त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "कोणी सांगितलं होतं तुला? तिथंच सोडायचं होतंस. इथून सुटलो की जे तू होऊ दिलं नाहीस ते मी करीन." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. निरोप तसाच राहिला.

पुढे काकांनी काही तसं केलं नाही. बायकोने त्यांना चालायला लावलं, मुलगी झाली, नोकरी लागली, आणि आपण जिवंत आहोत याचा त्यांना हळूहळू चक्क आनंद वाटू लागला. पण कंपाउंडरला शोधावं असं मनात आलं की ते चालढकल करत. आधी वाटे, अजून महिनाभराने. मग वाटे, आता एवढ्या उशिरा कुठल्या तोंडाने. वर्षं अशीच गेली.

गुरुवारी काका बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, की त्याला ताप आलाय, शनिवारी जमणार नाही, तेवढं पोरांना सांगा. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. काकांनी पेला हातात धरला आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. तीन वर्षं दुसऱ्यांचं ऐकून त्यांना ती रीत अंगवळणी पडली होती. शेवटी म्हणाले, की मी खोटं बोललो, पण पोरांसाठी बोललो, सोमवारी ती जाणार, त्यांना कसं सांगू की आमच्या गोष्टीला शेवटच नाही म्हणून.

काका मनातून शिव्या खायच्या तयारीने आले होते.

"मुलांचं मी बघेन," त्या म्हणाल्या. "ती खरं ऐकायला घाबरणारी नाहीत. पण काका, त्या माणसाला अजून कोणीच काही सांगितलेलं नाही. त्याच्या मनात तुम्ही अजून त्या खाटेवरच आहात."

एवढंच. जा म्हणाल्या नाहीत, जाऊ नका म्हणाल्या नाहीत. काकांना त्यांचा राग आला, आणि घरी पोहोचेपर्यंत तो राग स्वतःवर आलेला होता.

बायको गच्चीत झाडांना पाणी घालत होती. गेल्या तीन वर्षांत तिला झाडांचं वेड लागलं होतं. दर महिन्याला एक नवी कुंडी यायची, आणि आता कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. काकांनी कठड्याला टेकून तिला विचारलं, की तुला तो कंपाउंडर आठवतो का, इस्पितळात आला होता तो. तिने झारी खाली ठेवली.

"आठवतो म्हणजे काय," ती म्हणाली. "तुम्ही तोंड फिरवलंत तेव्हा मी त्याच्यामागं गेले होते. जिन्यात बसला होता, डोकं धरून. मी म्हटलं, मनावर घेऊ नका हो. त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे."

काकांना हे नवीनच होतं. ते म्हणाले, आता तो कुठे असेल कोणास ठाऊक. बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, की ताकास तूर लागू न देणारी ती बाई आता काहीतरी बोलणार, हे त्यांना कळलं.

"या सगळ्या कुंड्या कुठून येतात असं वाटतं तुम्हाला?"

तीन वर्षांपूर्वी ती मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी एक रोप आणायला गावाबाहेरच्या नर्सरीत गेली होती. तिथे तो माती कालवत बसलेला. पार वाळलेला, दाढी पिकलेली, पण तिने ओळखला. नर्सरीच्या मालकिणीला सहज विचारावं तसं विचारलं, तेव्हा कळलं, की माणूस गुणी आहे, एकटा आहे, सांगेल ते काम करतो, पण कलमाला पट्टी बांधायला दिली की उठून जातो. तेव्हापासून ती दर महिन्याला जाते, एक रोप घेते आणि तो बरा आहे ना, एवढं बघून येते.

"मग बोलली का नाहीस?" काकांचा आवाज चढला. "मला का नाही सांगितलंस?"

"त्याच्याशी काय बोलू? तुमच्या तोंडचं मी बोलून चालणार होतं का?" ती म्हणाली. "आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मला गच्चीत एक कुंडी ठेवू दिली नसतीत."

तिचं बोलणं अगदी खरं होतं. इतकी वर्षं संसार करून आपल्याला ही बाई निम्मीच कळली, असं त्यांना वाटलं, आणि ती निम्मी कळली हेही आपलं नशीबच, असंही वाटलं.

शुक्रवारी त्यांनी दुपारचं मरण रद्द केलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच. अंघोळ केली, केस विंचरले, इस्त्रीचा सदरा घातला आणि बसमध्ये बसले. खोलीत जाताना ते रोज हेच करत, पण आज सदऱ्याच्या गुंड्या लावताना हात थरथरत होते. हात थरथरतील, तोंड कोरडं पडेल, तुमच्यात काही बिघडलेलं नाही, असं त्यांनी बाईंच्या आवाजात स्वतःला सांगून बघितलं. थोडा फरक पडला.

नर्सरीत दुपारचं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. हिरव्या जाळीखाली रोपांच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या आणि मधल्या वाटेच्या टोकाला सिमेंटची पाण्याची टाकी होती. कंपाउंडर पाटावर बसून पिशव्यांत माती भरत होता. काकांची सावली पिशवीवर पडली तेव्हा त्याने आधी त्यांच्या बुटांकडे बघितलं. दोन बूट. मग वर.

"मी आहे," काका म्हणाले.

कंपाउंडरच्या हातातली माती पिशवीच्या बाहेर सांडत राहिली. तो उठला नाही. काकांना वाटलं होतं, शिव्या देईल, निदान जा म्हणेल. त्यांनी जवळची खताची गोणी ओढली आणि तिच्यावर बसले. खोलीत जे बोलायचे तेच बोलायचं, दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

"मला काय ऐकू आलं ते सांगायला आलोय. तू चाळीस मिनिटं 'झालंच, आलीच गाडी, झालंच' म्हणत होतास. मला सगळं ऐकू येत होतं. मध्ये तू रडलास तेही. नवव्या दिवशी सकाळी इस्पितळातले मोठे डॉक्टर म्हणाले, हे ज्यानं बांधलं त्याला सांग, याहून नीट मीसुद्धा बांधलं नसतं. गुडघा तुझ्यामुळं राहिला. निरोप तुझा होता. तू दुपारी आलास तेव्हा तो माझ्यापाशी होता, आणि मी तुला दिला नाही. जे बोललो ते बोललो."

कंपाउंडर मातीकडे बघत होता.

"घट्ट झाला होता का पट्टा?" त्याने विचारलं.

"नव्हता."

"मला वाटायचं, खाली बांधायला हवा होता. कधी वाटायचं, वर."

"बरोबर जागी होता."

मग काकांनी बुधवारची गोष्टही सांगितली, कारण अर्धं सांगून उठायची त्यांना आता भीती वाटत होती. पोरांना आपण काय थाप मारली, ते ऐकून कंपाउंडरने पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे बघितलं.

"मी चहाला येतो? तुझ्याकडं?"

"महिन्यातून एकदा. दोन चमचे साखर घेतोस."

"मी बिनसाखरेचा पितो."

"आता मला काय माहीत," काका म्हणाले, आणि दोघांच्याही तोंडावर काहीतरी हललं. त्याला हसू म्हणायला अजून अवकाश होता. कंपाउंडर म्हणाला, मी त्या आवारात पाय टाकणार नाही, मला धुराचा तो वास सोसणार नाही, शनिवारचं माझ्याकडून होणार नाही. काका म्हणाले, नको येऊस, मी त्यांना सांगेन की बुधवारी मी खोटं बोललो आणि शुक्रवारी जाऊन भेटून आलो. कंपाउंडरने मान डोलावली. मग तो हातावरची माती झाडत म्हणाला, "तुझी बायको येते इथं."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं. जिन्यात बोलली होती माझ्याशी." तो थांबला. "दर महिन्याला वाटायचं, विचारावं. तो म्हणाला होता तसं त्यानं केलं का, एवढंच. धीर व्हायचा नाही. ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं?"

काकांच्या डोळ्यांसमोर गच्चीतल्या कुंड्या आल्या. दीड हाताच्या अंतरावर दोन माणसं छत्तीस वेळा समोरासमोर उभी राहिली आणि त्याला एक प्रश्न विचारता आला नाही, तिला आपणहून उत्तर देता आलं नाही, ते एकट्या आपल्या जिभेमुळे. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही. कंपाउंडरने त्यांना रडू दिलं. पडलेल्या माणसाजवळ कसं थांबावं, हे तो विसरला नव्हता.

मग तो पाटावरून उठला. त्याची नजर काकांच्या विजारीच्या उजव्या पायावर होती.

"चालून दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"चाल. त्या टाकीपर्यंत जा आणि ये."

काका उठले. सहा वर्षं ते लोकांपुढे पडायचं काम करत होते. असं नुसतं चालून दाखवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आधी त्यांना अवघडल्यासारखं झालं. मग दोन्ही बाजूंच्या रोपांमधून ते सरळ चालत गेले, टाकीला हात लावला आणि वळले. कंपाउंडर वाटेच्या मधोमध उकिडवा बसून त्यांच्या गुडघ्याकडे बघत होता. गुडघा वाकत होता, सरळ होत होता, पुन्हा वाकत होता. काका जवळ आले तेव्हा त्याचे ओठ हलत होते. तो पावलं मोजत होता. एवढी लाज आणि एवढा आनंद काकांना एकाच वेळी कधी झाला नव्हता.

"पुन्हा," कंपाउंडर म्हणाला.

काका वळले आणि टाकीच्या दिशेने पुन्हा चालू लागले. या खेपेला जरा सावकाश, म्हणजे त्याला नीट बघता यावं.